पुढारी तुरुंगात, अफवा मोकाट

शुक्रवार पेठेतल्या आमच्या वाड्याच्या कट्ट्यावर संध्याकाळी वर्तमानपत्र मोठ्याने वाचले जाई. वाचणारा एक, ऐकणारे दहा आणि वाद घालणारे पंधरा! त्याच कट्ट्यावर मी लहानपणी मार्शल लॉच्या हकिगती ऐकल्या. प्रत्येक म्हातारा वेगळी हकिगत सांगे आणि तीच खरी म्हणे. असे का, ते मला फार उशिरा कळले.

लोकांची चर्चा ताब्यात घ्यायची, तर सत्तेला वाद जिंकावा लागत नाही. बोलणारा उचलायचा, छापणाऱ्याला धाक घालायचा आणि खूण पुसायची, एवढे पुरते. १९३० साली सोलापूरने हे तिन्ही पाहिले.

त्या वर्षी २७ एप्रिलला व्हाइसरॉयने वृत्तपत्रांसाठी वटहुकूम काढला. छापखान्याकडून अनामत मागायची आणि नको ते छापले की जप्त करायची. यातली मेख पाहा. संपादकाला ‘लिहू नका’ असे सरकार सांगतच नाही. छापखान्याचा मालकच हात जोडून म्हणतो, ‘साहेब, एवढे तेवढे गाळा.’

पुढे ५ मे रोजी गांधीजींना कराडी येथून नेले, तेही खटल्याशिवाय. त्यासाठी १८२७ सालचा जुना नियम शोधून काढला होता. सोलापूर खवळले. ८ मे रोजी रूपाभवानी भागात शिंदीची झाडे तोडण्यावरून धरपकड झाली, गोळीबार झाला. मंगळवार पेठेतल्या चौकीचे दोन पोलीस जिवानिशी गेले. १२ मे रोजी शहरावर लष्करी कायदा लागला. तिरंगा उतरला, गांधी टोपी गुन्हा ठरली. ‘कर्मयोगी’चे संपादक रामचंद्र शंकर राजवाडे तुरुंगात गेले.

मग बातमी कुठून मिळणार? ती कानोकान फिरू लागली. पुढारी नाही, पत्र नाही. उरल्या त्या अफवा. त्या ना सरकारच्या ताब्यात राहिल्या, ना लोकांच्या. कट्ट्यावरच्या हकिगती वेगवेगळ्या का, याचे उत्तर इथे आहे.

मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, जगन्नाथ शिंदे आणि ‘गझनफर’ पत्र चालवणारे कुर्बान हुसेन यांना त्या पोलिसांच्या खुनाबद्दल १२ जानेवारी १९३१ रोजी येरवड्यात फाशी दिले. ते निर्दोष होते, असे सोलापूर आजही मानते.

हे परक्यांनी केले म्हणून सोडून देऊ नका. २५ जून १९७५ च्या रात्री आणीबाणी लागली, तेव्हा सरकार आपलेच होते. तरी पुढारी पहाटे उचलले गेले आणि वर्तमानपत्रांवर सेन्सॉर बसला.

आता मी चार पुतळ्यांपाशी गेलो की हात जोडतो आणि स्वतःला एक प्रश्न विचारतो: आज कट्ट्यावर कुणाचा आवाज ऐकू येत नाही? तो मला आवडत नसला, तरी त्याची चौकशी मला केली पाहिजे.