मोटारीची कामे : स्वहस्ते की कारागिराच्या हाती?

एके काळी मोटार ही मोजक्या धनिकांच्या दाराशीच दिसे. आज लोधीपुऱ्यातील मध्यम व्यापाऱ्याच्या दाराशीही ती उभी असते. कापडाच्या व्यवहारासाठी सुमारे १८० किलोमीटरवरील इंदूर गाठावयाचे असो, केळीच्या हंगामात रावेरास जावयाचे असो, की खंडव्याचे एखादे काम उरकून सायंकाळच्या आत दुकानावर परतावयाचे असो, मोटारीवाचून आता भागत नाही. आणि मोटार घरात आली म्हणजे तिच्यामागोमाग तिला नटविण्याची हौसही येते. कोणास प्रखर दिवे हवे असतात, कोणास गाणी ऐकावयाचे यंत्र, कोणास रुंद चाके, तर कोणास पेट्रोलचा खर्च वाचविणारी गॅसची टाकी.

येथेच प्रश्न उभा राहतो. या वस्तू हल्ली घरपोच मिळतात आणि त्या बसविण्याची कृती चलच्चित्रांतून विनामूल्य पाहावयास मिळते. मग दुकानदारास मजुरी का द्यावी? वस्तू बाराशेची आणि बसविणावळ आठशेची, असा हिशेब समोर आला की काटकसरी व्यापाऱ्याचे मन साहजिकच म्हणते, ‘हे तर मी रविवारी घरीच करीन.’ हा विचार हसण्यावारी नेण्याजोगा नाही. परंतु तो अपुरा आहे, असे आमचे नम्र मत आहे.

व्यापाऱ्यास हे समजावून सांगण्याची गरज नसावी की, कोणत्याही किमतीत मालाखेरीज आणखीही काही सामावलेले असते. कारागिराच्या मजुरीत त्याच्या दोन तासांच्या श्रमाबरोबर त्याची हत्यारे, त्याचा अनुभव आणि काम बिघडल्यास ते निस्तरण्याची जबाबदारी यांचेही मोल असते. ज्याने स्वतः काम करावयाचे ठरविले, त्याने ही सर्व कलमे आपल्या खाती मांडली पाहिजेत. एकदाच लागणारा पाना विकत घेतला, अर्धा दिवस गल्ल्यावरून उठावे लागले आणि एक खुंटी मोडून नवी आणावी लागली, तर आठशे रुपयांची बचत किती उरली, हे वहीच सांगेल.

तरीही सर्वच कामे कारागिराकडे न्यावीत, असे आम्ही म्हणत नाही. आपल्या बऱ्हाणपुरातील यंत्रमागांकडेच पाहावे. तुटलेला धागा विणकर स्वतः सांधतो, त्यासाठी तो कोणाची वाट पाहत नाही. परंतु धोट्याचा ठोका चुकू लागला की तो माग थांबवितो आणि जॉबरास हाक मारतो. आपले हात कोठवर चालावेत, याची मर्यादा त्यास ठाऊक असते. मोटारीच्या मालकानेही हीच मर्यादा ओळखावी. तिची कसोटी सोपी आहे : हे काम बिघडले, तर काय बिघडेल आणि कोणाचे बिघडेल?

जे काम बिघडले असता केवळ आपलीच थोडी गैरसोय होईल, ते खुशाल स्वतः करावे. पायांखालचे गालिचे, मोबाइल ठेवण्याची पकड, काच पुसणाऱ्या वायपरच्या पट्ट्या, आतील हवेची गाळणी, मूळच्याच शक्तीचा नवा दिवा, ही सर्व त्या जातीची कामे होत. त्यांत पैसा तर वाचतोच, शिवाय आपल्या वाहनाची ओळख होते. असीरगडच्या बाजूला रात्री चाक पंक्चर झाले असता, पूर्वी एकदा तरी स्वतः चाक बदललेला मालक आणि कधीच न बदललेला मालक यांतील भेद तत्काळ कळून येतो. मात्र या साध्या कामांतही अवधान लागते. ज्या मोटारीच्या आसनातच बाजूची एअरबॅग बसविलेली असते, तीवर वाटेल ते आच्छादन चढविल्यास अपघाताच्या क्षणी ती पिशवी उघडण्यास अडथळा होतो. तसेच बॅटरी काढताना प्रथम ऋण टोक सोडवावे व बसविताना ते शेवटी जोडावे, एवढा नियमही अनेकांस माहीत नसतो.

जेथे तार कापावी लागते, तेथे प्रकरण पालटते. उदाहरणार्थ, मूळ ६० वॉटचा दिवा १२ व्होल्टच्या बॅटरीतून सुमारे ५ अँपिअर प्रवाह घेतो. त्या जागी १०० वॉटचा दिवा लावला की प्रवाह ८ अँपिअरच्या वर जातो. तारेत निर्माण होणारी उष्णता प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढत असल्यामुळे ती जवळजवळ पावणेतीन पट होते. तार मात्र पूर्वीचीच राहते. मग फ्यूज उडू लागला की हौशी मालक त्या जागी मोठ्या क्षमतेचा फ्यूज घालतो. हे म्हणजे चोराची चाहूल देणाऱ्या चौकीदारासच रजा देणे होय. फ्यूज असतो तो तारेच्या रक्षणासाठी. तोच निकामी केला तर आग लागावयास वेळ लागत नाही. अशा कामी निराळी जाड तार, स्वतंत्र फ्यूज आणि रिले यांची योजना लागते व ती जाणत्या माणसाकडूनच करवावी. शिवाय समोरून येणाऱ्या चालकाचे डोळे दिपवून आपला रस्ता उजळणे हा कोणता सुज्ञपणा?

गॅसच्या बाबतीत तर हौस व काटकसर ही दोन्ही दूर ठेवावीत. नोव्हेंबर २०२४ मध्ये जळगाव शहरात घरगुती सिलिंडरमधील गॅस मोटारीत भरला जात असताना स्फोट झाला. त्यात अनेक जण होरपळले व त्यांपैकी काहींचा पुढे अंत झाला. घरगुती गॅस वाहनात भरणे हा गुन्हा आहे, आणि तो गुन्हा का ठरविला आहे याचे उत्तर त्या घटनेत मिळते. सी.एन.जी.ची यंत्रणा बसवावयाची असल्यास ती मान्यताप्राप्त संचाची, अधिकृत कार्यशाळेतूनच बसवून घ्यावी, नोंदणीपुस्तकात तिची नोंद करवावी आणि टाकीची दर तीन वर्षांनी होणारी दाबाची चाचणी चुकवू नये.

काही कामे अशीही आहेत की, ती स्वतः करू नयेत आणि पैसे देऊनही करवू नयेत. मोटार वाहन कायदा, १९८८ याच्या ५२व्या कलमानुसार वाहनाच्या मूळ तपशिलाशी विसंगत असा फेरफार करण्यास मनाई आहे. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने केरळातील एका प्रकरणात हेच तत्त्व स्पष्ट केले. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने अवैध फेरफार करणाऱ्या मालकास प्रत्येक फेरफारामागे ५,००० रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कारावास, अथवा दोन्ही शिक्षा ठरविल्या. अनेक सुरांचा कर्कश भोंगा निषिद्ध आहे. पुढील व मागील काचेतून किमान ७० टक्के व बाजूच्या काचांतून किमान ५० टक्के प्रकाश आरपार गेला पाहिजे. मोटारीपुढे लोखंडी दांड्यांचा संरक्षक लावण्याविरुद्ध केंद्रीय परिवहन मंत्रालयाने डिसेंबर २०१७ मध्ये राज्यांस कळविले. तो संरक्षक पायी चालणाऱ्यास घातक ठरतो व आतील माणसांच्या एअरबॅगच्या कार्यातही व्यत्यय आणतो. दुकानदाराने ‘सगळेच लावतात’ असे सांगितले, तरी दंडाची पावती मालकाच्याच नावे फाटते.

परंतु पैसे दिले म्हणजे काम चोख झाले, असेही समजू नये. दुकानातील नवशिका मुलगाही तार कापून वर चिकटपट्टी गुंडाळू शकतो. म्हणून काम सोपविण्यापूर्वी काही गोष्टी विचाराव्यात. वस्तूची किंमत व मजुरी निरनिराळी लिहून मिळेल काय? मूळ तार कापणार, की तयार कपलरने जोडणार? फ्यूज कोठे व कितीचा बसविणार? बिघाड झाल्यास किती दिवस विनामूल्य दुरुस्त करून देणार? शेवटी पक्के बिल घ्यावे. फेरफार मोठा असेल तर विमा कंपनीस लेखी कळवावे. एरवी अपघातानंतर भरपाई नाकारली जाण्याचा संभव असतो. तार कापल्यामुळे उत्पादकाची हमी तर जात नाही ना, याचीही चौकशी आधीच करावी.

जो दुकानदार या प्रश्नांनी चिडतो, त्याच्याकडून उठावे; जो शांतपणे उत्तरे देतो, त्याच्याशी मजुरीसाठी फार घासाघीस करू नये. आपल्या दुकानात येणारे गिऱ्हाईक कापडाचा पोत बोटांनी चाचपून पाहते, याचा आपणांस राग येत नाही. मात्र चांगला पोत दाखविल्यावरही ते फुकटात मागू लागले तर वाईट वाटते. हाच न्याय कारागिरासही लावावा.

सारांश, जे काम आपल्यापुरते आहे ते आपल्या हातांनी आनंदाने करावे. जे काम घरच्या मुलाबाळांच्या व रस्त्यावरील परक्या माणसाच्या जिवाशी निगडित आहे, ते जाणत्याच्या हाती द्यावे आणि त्याची जबाबदारी कागदावर उतरवून घ्यावी. वाचलेला रुपया हा नफाच, हे व्यापाऱ्याचे सूत्र खरे आहे. मात्र तो रुपया ज्या खात्यातून वाचविला, ते खाते जोखमीचे नव्हते ना, हे पाहूनच बेरीज मांडावी.