सीमेवरचा पहारा कां अपुरा पडतो?

आपल्या देशांत कोणीं यावें व कोणीं येऊं नये हें ठरविण्याचा अधिकार प्रत्येक सार्वभौम राष्ट्राला आहे, याविषयीं दुमत होण्याचें कारण नाहीं. त्यामुळें परवान्यावांचून माणसें देशांत शिरूं लागलीं कीं, पहारा वाढवा, कुंपण उंच करा, शिक्षा कडक करा, अशी मागणी होणें स्वाभाविकच होय. परंतु विचार करावयाचा तो अधिकाराचा नव्हे, परिणामाचा. पहारा दुप्पट केल्यानें चोरून येणारांची संख्या निम्म्यावर येते काय? या प्रश्नाचें उत्तर कल्पनेनें देण्याची आवश्यकता नाहीं. अमेरिकेचीं संयुक्त संस्थानें व मेक्सिको यांच्या सरहद्दीवर हा प्रयोग शंभर वर्षें चाललेला आहे, आणि त्याचा हिशेब आंकड्यांनिशीं उपलब्ध आहे.

ही सरहद्द सुमारें १९५० मैल लांब आहे. तिचा पूर्वेकडील अर्ध्याहून अधिक भाग रिओ ग्रँडे नदीच्या पात्रानें आंखलेला असून पश्चिमेकडे वाळवंट व डोंगर पसरलेले आहेत. नदीच्या अलीकडे मजुरीचा दर एक, तर पलीकडे त्याच्या कित्येक पट. अमेरिकन सरकारनें या सरहद्दीसाठीं पहारादल उभारलें तें १९२४ सालीं. पुढें १९४२ सालीं महायुद्धामुळें शेतांवर माणसांची टंचाई पडली, तेव्हां त्याच सरकारनें मेक्सिकोशीं करार करून मजूर बोलावून घेतले. या योजनेला ‘ब्रासेरो’ म्हणजे हातांनीं राबणाऱ्या मजुरांची योजना असें नांव पडलें. ती १९६४ पर्यंत चालली, आणि तेवढ्या अवधींत सुमारें ४६ लाख करारपत्रें झालीं. एकच मजूर अनेक वेळां येत असल्यामुळें माणसांची संख्या याहून कमी होती. सुगीच्या हंगामांत उत्तरेस जावें, चार पैसे गांठीं बांधावे, आणि काम सरलें कीं आपल्या गांवीं परतावें, असा या लोकांचा क्रम होता.

१९६४ अखेर ही योजना बंद झाली. १९६५ सालच्या कायद्यान्वयें पश्चिम गोलार्धांतील सर्व देशांना मिळून वर्षाला १ लाख २० हजार परवाने, अशी मर्यादा १९६८ पासून अंमलांत आली. १९७६ सालीं एकेका देशाला २० हजार, असें बंधन पडलें. शेतें तींच राहिलीं, मालक तेच राहिले, मजूरहि तेच राहिले. बदलला तो केवळ कायदा. काल जो करारपत्र घेऊन येत होता, तोच आज चोरवाटेनें येऊं लागला. येण्याचें कारण नाहींसें झालें नव्हतें, येण्याचा दरवाजा तेवढा लावण्यांत आला होता.

तरीहि हे लोक परत जात असत, ही गोष्ट श्रोत्यांनीं विशेष ध्यानांत ठेवावी. प्रिन्स्टन विद्यापीठांतील समाजशास्त्रज्ञ डग्लस मॅसी व त्यांचे सहकारी यांनीं मेक्सिकोंतील गांवोगांवच्या कुटुंबांची वर्षानुवर्षें पाहणी केली आहे. त्यांच्या अनुमानाप्रमाणें १९६५ ते १९८५ या वीस वर्षांत दर शंभर बिनपरवाना प्रवेशांपैकीं सुमारें पंचाऐंशींची भरपाई परत जाणारांनीं होत असे. लोक चोरून येत हें खरें, परंतु ते राहण्यासाठीं येत नसत. बायकामुलें गांवीं होतीं, जमिनीचा तुकडा गांवीं होता, आणि सरहद्द ओलांडणें फारसें खर्चाचें नसल्यानें पुढल्या वर्षीं पुन्हां येतां येईल असा भरंवसा होता.

याच भरंवशाला कडक पहाऱ्यानें धक्का दिला. १९८६ सालच्या कायद्यानें सुमारें २७ लाख लोकांना राहण्याचा हक्क दिला आणि बिनपरवाना मजूर ठेवणाऱ्या मालकास दंड सांगितला. परंतु कागदपत्र दिसण्यांत खरें असलें कीं मालकाची जबाबदारी संपे. म्हणून खोट्या कागदांचा धंदा वाढला, आणि मालक व मजूर यांच्यामध्यें कंत्राटदार येऊन उभा राहिला. त्यानंतर १९९३ सालीं एल पासो या शहरीं व १९९४ सालीं सॅन डिएगो शहरीं पहाऱ्याची भक्कम फळी उभारण्यांत आली. १९९३ सालीं पहारादलांत सुमारें ४ हजार शिपाई होते. २०११ पर्यंत ते २१ हजारांवर गेले. २००६ सालीं कुंपणाचा स्वतंत्र कायदा झाला. पहाऱ्याची अशी वाढ चालूं असतांनाच, १९९० सालीं जी बिनपरवाना रहिवाशांची संख्या सुमारें ३५ लाख होती, ती २००७ पर्यंत १ कोटि २२ लाखांवर गेली.

हा उलटा परिणाम कां झाला, याचीं कारणें तीन आहेत.

पहिलें कारण असें कीं, पहाऱ्यानें वाट बंद होत नाहीं, ती वळते. शहरांजवळच्या सोप्या वाटा अडल्यावर लोक ॲरिझोनाच्या वाळवंटाकडे वळले. तेथें त्या वेळीं पहारा विरळ होता, परंतु उन्हाळा जीवघेणा आहे आणि पाण्याचा थेंब मिळत नाहीं. १९९८ ते २०२२ या काळांत या सरहद्दीवर ८ हजारांहून अधिक माणसें मृत्यु पावल्याची नोंद पहारादलाच्याच दप्तरीं आहे. वाळवंटांत ज्यांच्या अस्थीहि हातीं लागल्या नाहींत, ते या मोजणींत येत नाहींत.

दुसरें कारण वाटाड्यांचें. वाट अवघड झाली म्हणजे ती जाणणाऱ्याचा भाव वाढतो. या वाटाड्यांना तिकडे ‘कोयोटे’ म्हणतात. पूर्वी पुष्कळ लोक एकटेदुकटे पार होत. पुढें वाटाड्यावांचून कोणी पाऊल टाकीनासें झालें, त्याची दलाली कित्येक पटींनीं वाढली, आणि गांवच्या ओळखीच्या माणसांचा हा जोडधंदा संघटित टोळ्यांच्या हातीं गेला. पहाऱ्यावर खर्च होणारा प्रत्येक डॉलर या धंद्याची किंमत वाढवीत गेला. शिवाय, एकदां पकडून परत पाठविलेला मनुष्य दुसऱ्यांदा, तिसऱ्यांदा प्रयत्न करीच, आणि बहुतेक जण अखेरीस पार होत. उंच भिंतीचीहि तीच कथा. २०१९ ते २०२१ या तीन आर्थिक वर्षांत नवी भिंत ३ हजारांहून अधिक वेळां कापण्यांत आली, आणि त्यासाठीं बाजारांत सहज मिळणारी विजेची करवत पुरेशी झाली.

तिसरें कारण सर्वांत महत्त्वाचें, आणि तेंच सहसा लक्षांत येत नाहीं. भिंतीला दोन बाजू असतात. जी भिंत येणाराला अडविते, तीच परत जाणारालाहि अडविते. कर्ज काढून, वाटाड्याचे पैसे भरून, जिवावर उदार होऊन जो एकदां पार झाला, तो सुगी संपली म्हणून घरीं जाण्यास धजत नाहीं; कारण पुन्हां येणें म्हणजे तोच खर्च व तोच धोका. तो तेथेंच राहतो. वर्षें लोटतात, आणि मग बायकामुलांनाच तो त्याच वाटेनें बोलावून घेतो. येणारांचा ओघ पूर्वीइतकाच राहिला, परत जाणारांचा आटला. जो प्रवाह येऊनजाऊन होता, त्याचें अशा रीतीनें तळें झालें. पहारा वाढविणारांना नेमकें हेंच नको होतें.

याखेरीज सरहद्दीवरून न येणारांचा वर्ग निराळाच आहे. प्रवासी, विद्यार्थी किंवा व्यापारी म्हणून विमानानें रीतसर परवान्यावर यावें, आणि मुदत संपल्यावर परत जाऊं नये, असें करणारे लोक थोडे नाहींत. २०१९ या आर्थिक वर्षांत असे सुमारें ६ लाख ७६ हजार लोक मुदतीपलीकडे राहिल्याचा सरकारचा अंदाज होता. त्यांना नदीकांठचा शिपाई व वाळवंटांतील भिंत काय करणार?

पहाऱ्यानें जें साधलें नाहीं तें कांहीं काळ दुसऱ्या कारणांनीं साधलें. २००८ सालच्या मंदींत घरबांधणीचीं कामें थांबलीं. इकडे मेक्सिकोंत, जेथें १९६० च्या सुमारास एकेका स्त्रीला सरासरी सात मुलें होत, तेथें तें प्रमाण अडीचच्या खालीं उतरलें होतें. घराबाहेर पडणारे तरुणच कमी झाले. परिणामीं २००९ ते २०१४ या काळांत मेक्सिकोंतून अमेरिकेंत गेलेल्यांपेक्षां तेथून मेक्सिकोंत परतलेले अधिक भरले.

पुढें ओघाचें स्वरूपच पालटलें. होंडुरास, ग्वाटेमाला, व्हेनेझुएला या देशांतून गुंडगिरी, दारिद्र्य व राजकीय दुरवस्था यांना कंटाळून कुटुंबेंच्या कुटुंबें येऊं लागलीं. हे लोक शिपायाला चुकवीत नसत. उलट त्याला शोधून काढून आश्रय मागत. १९८० सालच्या कायद्यानें अमेरिकेच्या भूमीवर आलेल्यास असा अर्ज करण्याची मुभा दिली होती. अशा ठिकाणीं शिपायांची संख्या वाढवून काय होणार? कमतरता होती ती न्यायाधीशांची. २०२३ अखेर निर्वासनाच्या न्यायालयांत ३० लाखांहून अधिक प्रकरणें तुंबलीं होतीं, आणि निकालास वर्षें लागत असल्यामुळें अर्ज करणें हाच तेथें राहण्याचा मार्ग झाला होता. मार्च २०२० पासून सांथीच्या कारणावरून लोकांना चौकशीवांचून तत्काळ परत लोटण्याचा हुकूम निघाला. तेव्हां पुन्हां पुन्हां प्रयत्न करणारांचें प्रमाण २०१९ सालीं शेंकडा ७ होतें, तें २०२१ सालीं शेंकडा २७ झालें.

तथापि पहारा सर्वस्वीं निष्फळ असतो असें म्हणणेंहि न्यायाचें होणार नाहीं. डिसेंबर २०२३ या एका महिन्यांत सुमारें अडीच लाख लोक या सरहद्दीवर पकडले गेले. डिसेंबर २०२४ मध्यें तो आंकडा ४७ हजारांच्या आसपास आला. आणि २०२५ या संबंध आर्थिक वर्षांत तो सुमारें २ लाख ३८ हजार, म्हणजे १९७० नंतरचा सर्वांत कमी ठरला. परंतु या अवधींत भिंत बहुतांशीं तीच होती. बदललें तें असें कीं, मेक्सिकोनें आपल्याच मुलखांत लोकांना अडविलें, आणि अमेरिकेनें आश्रयाचे अर्ज घेण्याचें प्रथम आंखडतें केलें व जानेवारी २०२५ मध्यें सरहद्दीवर जवळजवळ बंदच केलें. ही घट ज्या किंमतीनें विकत घेतली गेली, त्या किंमतींत खरोखरच जीव वांचविण्यासाठीं पळून आलेल्याची दादहि लागत नाहीं. शिवाय २०१७ सालींहि आंकडा ३ लाख ४ हजारांवर उतरला होता, आणि दोनच वर्षांत साडेआठ लाखांवर चढला होता. २०२३ सालच्या अंदाजाप्रमाणें जे १ कोटि ४० लाख बिनपरवाना लोक देशांत होते, त्यांच्या प्रश्नाचें उत्तर सरहद्दीवर नव्हतेंच.

या शंभर वर्षांच्या इतिहासांत एक दाखला मननीय आहे. १९५४ सालीं चोरून आलेल्या दहा लाखांवर लोकांची धरपकड झाली. त्याच सुमारास सरकारनें ब्रासेरो परवानेहि वाढविले. १९५६ नंतरचीं कांहीं वर्षें ते दरसाल चार लाखांवर होते. त्या वर्षांत पकडल्या जाणारांची संख्या एक लाखाच्याहि खालीं आली. ती योजना निर्दोष नव्हती. मजुरांची पिळवणूक होई, आणि आरंभींच्या वर्षांत त्यांच्या मजुरींतून बचत म्हणून कापलेला दहावा हिस्सा कित्येकांच्या हातीं कधींच पडला नाहीं. परंतु पहारा व दरवाजा हीं दोन्ही एकत्र असतां पहाऱ्याला यश येतें, आणि दरवाजा लावून केवळ पहारा वाढविला तर तो अपुरा पडतो, एवढें त्यावरून स्पष्ट होतें.

घर सोडण्याचा निश्चय सरहद्दीवर होत नाहीं. तो होंडुरासच्या एखाद्या खेड्यांत चुलीपाशीं होतो, आणि कॅलिफोर्नियांतील मळ्याच्या मालकाला माणूस हवा असतो म्हणून तो तडीस जातो. भिंत या दोहोंच्या मधल्या वाटेवर उभी आहे. तिनें वाट लांबते, महाग होते, प्राणघातक होते; परंतु चुलीपाशींची चिंता व मळ्यावरची गरज यांना ती स्पर्श करीत नाहीं. सरहद्द राखण्याचा अधिकार बजावतांना राज्यकर्त्यांनीं या दोन टोकांकडेहि पाहिलें, तरच पहाऱ्याच्या शिपायावर पडलेलें, त्याच्याच्यानें न पेलणारें ओझें हलकें होईल.