प्रश्नाभोवती बसलेला वर्ग

वर्गातील मुले शिकण्यात गुंतली आहेत की नुसती गप्प बसली आहेत, हे ओळखण्याची एक कसोटी आहे: शिक्षकाने प्रश्न विचारला, तर उत्तर किती जणांना द्यावे लागते? नेहमीच्या वर्गात हात वर करणारी चार-पाच मुले ठरलेली असतात. त्यांचे उत्तर बरोबर आले की धडा पुढे सरकतो, आणि बाकीच्यांना काय कळले याचा पत्ता चाचणीचे पेपर तपासताना लागतो. तोवर तो भाग मागे पडलेला असतो. प्रत्येक मुलाला विचार करायला, उत्तर द्यायला आणि त्या उत्तराचे कारण सांगायला लावणे, हे अध्यापनातले सर्वांत अवघड आणि सर्वांत मोलाचे काम आहे. त्यासाठी घडलेल्या पद्धतींत सहाध्यायांच्या चर्चेवर उभी असलेली पद्धत विशेष तपासली गेलेली आहे.

हार्वर्ड विद्यापीठात पदार्थविज्ञान शिकवणारे एरिक माझूर यांनी १९९१च्या सुमारास ती आपल्या वर्गात रुजवली. त्यांचे विद्यार्थी सूत्रांची लांबलचक उदाहरणे सोडवत. मात्र न्यूटनच्या नियमांवरचे, आकडे नसलेले साधे प्रश्न आले की अडखळत. माझूर यांनी स्पष्टीकरण थांबवून शेजाऱ्याशी बोला असे सांगितले आणि वर्ग जागा झाला. शाळेत याच्याशी मिळतीजुळती रीत आधीपासून होती. ‘विचार करा, जोडीत बोला, वर्गाला सांगा’ ही पायऱ्यांची मांडणी अमेरिकेतील मेरीलँड विद्यापीठाच्या फ्रँक लायमन यांनी १९८१ साली केली होती.

ही पद्धत प्रत्यक्षात कशी चालते, हे अपूर्णांकांच्या एका तासावरून नीट दिसते. फळ्यावर प्रश्न असतो: एका भाकरीचे तीन सारखे भाग केले, त्यातला एक सुमनला दिला. तेवढ्याच दुसऱ्या भाकरीचे चार सारखे भाग केले, त्यातला एक रफिकला दिला. जास्त भाकरी कोणाला मिळाली? चार पर्याय: सुमनला, रफिकला, दोघांना सारखी, सांगता येणार नाही. पहिली दोन मिनिटे बोलायचे नाही. प्रत्येकाने वहीत उत्तर लिहायचे आणि शिक्षकाने सांगताच एकाच वेळी दाखवायचे. हा ‘एकाच वेळी’ फार महत्त्वाचा. एकेकाला विचारत गेले की हुशार समजल्या जाणाऱ्या मुलाचे उत्तर ऐकून अर्धा वर्ग आपले उत्तर बदलतो.

उत्तर दाखवण्याची साधने अनेक आहेत. सर्वांत स्वस्त म्हणजे छातीशी धरलेली एक ते चार बोटे. ती समोरून शिक्षकाला दिसतात, शेजाऱ्याला सहज दिसत नाहीत. दुसरे म्हणजे ‘प्लिकर्स’सारखी कार्डे. प्रत्येक मुलाच्या हातात काळ्या-पांढऱ्या चौकोनी नक्षीचा, स्वतःच्या क्रमांकाचा कागद असतो. त्याच्या चार बाजूंना बारीक अक्षरांत चार पर्याय लिहिलेले असतात आणि निवडलेली बाजू वर करून तो धरायचा असतो. शिक्षक मोबाइलचा कॅमेरा वर्गावरून फिरवतो आणि कोणी काय निवडले याची नोंद पडद्यावर उमटते. मुलांकडे एकही उपकरण लागत नाही; एक फोन साऱ्या वर्गाला पुरतो. घरात एकच फोन आणि तोही दिवसभर शेतावर किंवा कामावर गेलेला, अशा कुटुंबांतील मुलांच्या शाळेत हा मोठा फायदा आहे.

पहिल्या फेरीत बरीच मुले रफिककडे झुकतात, कारण चार हा तीनपेक्षा मोठा. हे उत्तर चुकीचे असले तरी बिनडोक नाही. पूर्ण संख्यांचा नियम मुलाने प्रामाणिकपणे अपूर्णांकांना लावलेला असतो. शिक्षकाने येथे बरोबर उत्तर सांगून टाकले, तर तासाचा प्राण जातो. माझूर यांच्या पद्धतीतला ढोबळ नियम असा: बरोबर उत्तरे सुमारे ३० टक्क्यांहून कमी असतील तर संकल्पना पुन्हा समजावावी, सुमारे ७० टक्क्यांहून जास्त असतील तर पुढे जावे, आणि मधल्या पट्ट्यात असतील तर वर्ग चर्चेला सोडावा. वेगळे उत्तर असलेला शेजारी शोधायचा आणि त्याला पटवायचे, एवढीच सूचना पुरते.

मग कागदाच्या पट्ट्या निघतात. चार भाग सोपे: पट्टी एकदा दुमडायची, पुन्हा दुमडायची. तीन भागांसाठी मात्र हात थांबतो. मुले एक टोक अंदाजाने आत दुमडतात, दुसरे त्यावर आणतात, कडा जुळत नाहीत म्हणून उलगडून घडी थोडी सरकवतात आणि पुन्हा बघतात. या सरकवण्यातच ‘सारखे भाग’ म्हणजे काय ते हाताला कळते. तिसऱ्या भागाची घडी चौथ्या भागाच्या घडीशेजारी ठेवली की रफिकच्या बाजूचे मूल गप्प होते, पट्टी उलटसुलट करून पाहते आणि मग आपल्या शब्दांत म्हणते, “जास्त भाग केले की भाग बारीक होतो.” हे वाक्य पुस्तकातल्या नियमाइतके नेटके नसते. तरी ते त्या मुलाचे असते, आणि शेजारच्याला पुस्तकातल्या वाक्यापेक्षा लवकर पोचते.

दुसऱ्या फेरीत तोच प्रश्न पुन्हा विचारला जातो. त्यानंतर, पद्धत मनापासून वापरणारा शिक्षक एक शब्द गाळतो: ‘तेवढ्याच’. आता दुसरी भाकरी केवढी होती ते माहीत नाही. बरोबर उत्तर चौथ्या पर्यायावर सरकते आणि अपूर्णांक नेहमी कशाचा तरी असतो, ही गोष्ट वर्गासमोर उभी राहते. ज्यांनी पहिले उत्तर केवळ शेजाऱ्याचे ऐकून बदलले होते, ते येथे लगेच ओळखू येतात.

चर्चेत हुशार मुलेच बोलतात आणि बाकीचे मान डोलावतात, ही शंका रास्त आहे. कोलोरॅडो विद्यापीठातील संशोधकांनी ती तपासली. चर्चेनंतर त्यांनी त्याच संकल्पनेवरचा पण वेगळा प्रश्न प्रत्येकाला स्वतंत्र सोडवायला दिला. २००९ साली ‘सायन्स’मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या लेखानुसार, ज्या गटांत सुरुवातीला कोणालाच बरोबर उत्तर माहीत नसावे, तेथेही सुधारणा दिसली. म्हणजे केवळ उसने उत्तर घेणे घडत नाही; बोलता बोलता समज तयार होते. उपकरणांबाबतचा निष्कर्षही ध्यानात ठेवण्याजोगा आहे. कॅनडातील नॅथॅनिएल लॅसरी यांनी इलेक्ट्रॉनिक बटणे वापरणारा वर्ग आणि साधी कार्डे वापरणारा वर्ग यांची तुलना केली. शिकण्यात लक्षणीय फरक आढळला नाही. यंत्र शिक्षकाची नोंद सोपी करते. शिकवते ती चर्चा.

प्रत्येक विषय एका प्रश्नात मावत नाही. जिथे माहितीच पुष्कळ असते तिथे एलियट अॅरनसन यांची तुकड्या जोडण्याची पद्धत कामी येते. १९७१ साली टेक्सासमधील ऑस्टिन येथे वंशभेदाची भिंत पाडून शाळा एकत्र केल्यावर वर्गात तणाव होता. मुलांना एकमेकांवाचून काम पुरे करताच येऊ नये, अशी रचना अॅरनसन यांनी केली. महाराष्ट्राच्या मृदा शिकवताना तिचा उपयोग चांगला होतो. प्रत्येक मूळ गटातील एकेक जण काळी, जांभी, गाळाची किंवा पठारावरची भरड मृदा घेतो. एकाच मृदेची मुले आधी एकत्र बसतात, अभ्यास करतात आणि मग आपापल्या गटात परतून शिकवतात. काळ्या मातीची मुले बेसाल्टच्या झिजेपासून उन्हाळ्यातल्या भेगांपर्यंत पोचतात. जांभ्या मातीची मुले कोकणातला मुसळधार पाऊस क्षार कसे वाहून नेतो आणि मागे लोहाचा लाल रंग का उरतो, ते सांगतात. सोबत बाटल्या असाव्यात. माती पाण्यात घालून जोरात हलवली की वाळू मिनिटभरात तळाला बसते, गाळ काही तासांनी, आणि चिकणमातीचे गढूळपण दुसऱ्या दिवशीही टिकून असते.

तंत्रज्ञानाचे खरे स्थान यावरून ठरते. जे अंगणात पडले आहे ते पडद्यावर दाखवण्यात अर्थ नाही. हृदयाच्या झडपा, बी रुजण्याचे दिवस, चंद्राचा महिना या गोष्टी मात्र वर्गात आणता येत नाहीत. तिथे चित्रफीत अनमोल आहे. बालभारतीच्या पाठ्यपुस्तकांत छापलेले क्यूआर कोड आणि २०१७ साली सुरू झालेला ‘दीक्षा’ मंच यांनी असे साहित्य खेड्यातल्या शिक्षकाच्या हाताशी आणले. सोलापूर जिल्ह्यातील परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेतले रणजितसिंह डिसले यांनी पाठ्यपुस्तकांना क्यूआर कोड जोडण्याचा प्रयोग लवकर केला. २०२०च्या जागतिक शिक्षक पुरस्काराने त्याची दखल घेतली आणि पुरस्काराची निम्मी रक्कम डिसले यांनी अंतिम फेरीतील इतर नऊ शिक्षकांमध्ये वाटली. चित्रफीतही प्रश्नाभोवतीच वापरावी. दगड आणि खोडरबर एकाच उंचीवरून सोडले तर आधी काय पडेल, हे वहीत लिहून मगच फोनवर संथ गतीने चित्रण करावे आणि एकेक चौकट थांबवून पाहावी. अंदाज आधी लिहिलेला असेल, तर डोळे पडद्यावर खिळतात. नसेल, तर तो दूरचित्रवाणीचा कार्यक्रम होतो.

या सगळ्यातले दुर्मीळ साधन म्हणजे चांगला प्रश्न. त्याचे चुकीचे पर्याय मुलांच्या वह्यांतल्या खऱ्या चुकांतून घ्यावे लागतात. कोणीही निवडणार नाही असा पर्याय जागा अडवतो. असा एक प्रश्न घडवायला कधी तासभर लागतो, आणि शिक्षकाकडे नेमका तोच तास नसतो. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम २७ने जनगणना, आपत्ती निवारण आणि निवडणुका सोडून अन्य अशैक्षणिक कामे शिक्षकांना देण्यास मनाई केली आहे. ती काटेकोर पाळली जावी, आणि केंद्र पातळीवरील शिक्षण परिषदांचा काही वेळ अहवालांऐवजी वह्या समोर ठेवून प्रश्न रचण्यास द्यावा. दहा शाळांच्या शिक्षकांनी प्रत्येकी दोन चांगले प्रश्न आणले, तरी वीस तासांची तयारी एका दुपारी होते.