स्वेच्छानिवृत्तीची वेळ : पर्यायमूल्य आणि कामाचा ताण

नोकरी केव्हा सोडावी, हा प्रश्न माणसे स्वतःशी फार पूर्वीपासून विचारीत आली असली, तरी अर्थशास्त्राने तो गंभीरपणे हाती घेतला तो विसाव्या शतकाच्या अखेरच्या पंचवीस वर्षांत. तोवर निवृत्ती ही नियमाने ठरवून दिलेली घटना समजली जाई. अमुक वय झाले की माणूस घरी बसला, एवढाच तिचा अर्थ. स्वेच्छानिवृत्तीचे नियम आणि उद्योगांनी वेळोवेळी जाहीर केलेल्या योजना यांमुळे ती एक निवड झाली, आणि निवड म्हटली की तिचे गणितही ओघानेच आले. प्रस्तुत लेखात या गणिताची मांडणी करावयाची आहे. परंतु ती सर्वसाधारण नोकरदाराच्या दृष्टीने नव्हे, तर पन्नाशीच्या आसपास पोहोचलेल्या आणि नोकरीतील ताण असह्य होऊ लागलेल्या माणसाच्या दृष्टीने. नेहमीचे सूत्र अपुरे पडते ते नेमके याच माणसाला.

असा माणूस प्रथम विचारतो तो प्रश्न म्हणजे, ‘पुरेल एवढे आता जमले आहे काय?’ प्रश्न निरर्थक नाही. १९९४ साली विल्यम बेंगेन या अमेरिकन वित्तसल्लागाराने तेथील शेअर व रोखे यांच्या पूर्वीच्या परताव्यांवरून असे दाखविले की, पहिल्या वर्षी संचयाच्या सुमारे ४ टक्के रक्कम उचलली आणि पुढे ती महागाईच्या प्रमाणात वाढवीत नेली, तर संचय ३० वर्षे तरी पुरतो. हा आकडा आपल्याकडेही हल्ली सर्रास सांगितला जातो. वस्तुतः तो एका देशाच्या एका कालखंडाचा इतिहास आहे. पन्नाशीत नोकरी सोडणाऱ्याला आणि त्याच्या पश्चात त्याच्या पत्नीला मिळून चाळीस वर्षांची तरतूद लागू शकते. शिवाय महागाई दरसाल ६ टक्क्यांनी वाढत राहिली, तर सुमारे १२ वर्षांत किमती दुप्पट होतात. पण याहून मोठी उणीव निराळीच आहे. या प्रश्नाच्या उत्तरावरून नोकरी सोडता येईल की नाही, एवढेच समजते. ती या वर्षी सोडावी, की दोन वर्षांनी, की पाच वर्षांनी, याविषयी ते मौन पाळते.

‘केव्हा’ या प्रश्नाचा विचार सुरू होतो तो आणखी एक वर्ष थांबल्याने नेमके काय मिळते, या हिशेबापासून. १ जानेवारी २००४ पूर्वी केंद्र शासनाच्या सेवेत दाखल झालेला एक कर्मचारी कल्पावा. त्याचे मूळ वेतन दरमहा ८०,००० रुपये आहे असे धरू. वीस वर्षांची अर्हताकारी सेवा त्याने केव्हाच पूर्ण केलेली असल्याने तीन महिन्यांची सूचना देऊन त्याला निवृत्त होता येते, आणि त्याचे निवृत्तिवेतन वेतनाच्या निम्मे, म्हणजे ४०,००० रुपये बसते. महागाई भत्त्याचा विचार सोयीसाठी बाजूस ठेवू. हा कर्मचारी आणखी एक वर्ष थांबला, तर आपण ८०,००० रुपयांवर काम करीत आहोत, असे त्याला वाटते. ते खरे नाही. घरी बसून ४०,००० रुपये मिळणारच होते. तेव्हा कामाचा मोबदला उरलेले ४०,००० रुपयेच. यात भर पडते ती ३ टक्के वेतनवाढीमुळे निवृत्तिवेतनात कायमच्या वाढणाऱ्या दरमहा १,२०० रुपयांची. निवृत्तिवेतनाचा हक्क परिपक्व झाल्यानंतर नोकरीत राहणारा माणूस अर्ध्या पगारावर राबत असतो, ही गोष्ट पगारपत्रकात कोठेच दिसत नाही. जोनाथन ग्रूबर आणि डेव्हिड वाइज यांनी १९९९ साली संपादिलेल्या अकरा देशांच्या तौलनिक अभ्यासात या अदृश्य कपातीला नोकरी चालू ठेवण्यावरील ‘गर्भित कर’ मानले आहे. हा कर जेथे जबर, तेथे वयस्क पुरुष लवकर काम सोडतात, असे त्या अभ्यासात आढळले.

तथापि एका वर्षाचा हिशेब फसवा ठरू शकतो. केंद्र शासनाची एकीकृत निवृत्तिवेतन योजना १ एप्रिल २०२५ पासून अमलात आली. ती स्वीकारलेल्या, वय वर्षे ५० आणि सेवा १८ वर्षे असलेल्या कर्मचाऱ्याचे उदाहरण घ्या. या योजनेत हमीचे निवृत्तिवेतन हवे असेल, तर राजीनामा देऊन चालत नाही. स्वेच्छानिवृत्ती घ्यावी लागते आणि तिच्यासाठी २० वर्षांची सेवा लागते. आता हा कर्मचारी केवळ पुढील वर्षाचा विचार करील, तर १९ वर्षे पूर्ण झाल्याने हमीच्या बाबतीत काहीच साधत नाही, असे त्याला दिसेल. आणि ताण सोसवत नसेल तर तो आजच बाहेर पडेल. परंतु दुसऱ्या वर्षाच्या शेवटी एक पायरी आहे, आणि पहिले वर्ष काढल्याखेरीज तेथे पोहोचता येत नाही. पहिल्या वर्षाचे खरे मोल त्या वर्षात मिळणाऱ्या पैशांत नाही. ते पुढची पायरी खुली राहण्यात आहे.

जेम्स स्टॉक आणि डेव्हिड वाइज यांनी १९९० साली ‘इकॉनोमेट्रिका’ या नियतकालिकात मांडलेली ‘पर्यायमूल्या’ची कल्पना ती हीच. आज सोडल्यास आयुष्यभरात जे मिळेल त्याची तुलना पुढील वर्षी सोडण्याशी करू नये. पुढील सर्व संभाव्य तारखांपैकी जी सर्वांत लाभदायक असेल तिच्याशी करावी. हा फरक धन असेल तोवर थांबावे, ऋण होताच निघावे. एका मोठ्या अमेरिकन कंपनीतील विक्रेत्यांच्या नोंदींवर त्यांनी हे सूत्र पारखले. त्यांच्या सूत्रात आणखी एक मार्मिक गोष्ट आहे : काम न करता मिळालेला डॉलर हा काम करून मिळालेल्या डॉलरपेक्षा अधिक मोलाचा धरला आहे. किती अधिक, हे आकडेवारीवरून काढावयाचे. ताणाचा प्रश्न सूत्रात शिरतो तो याच फटीतून. त्याकडे पुढे वळावयाचे आहे.

आपल्याकडील नियमांत अशा पायऱ्या बऱ्याच आहेत, आणि त्या सर्व एकाच आकाराच्या नाहीत. एकीकृत योजनेत २५ वर्षे सेवा झाली की अखेरच्या बारा महिन्यांच्या सरासरी मूळ वेतनाच्या ५० टक्के हमी मिळते. २० ते २५ वर्षांपर्यंत ती सेवेच्या प्रमाणात. मात्र स्वेच्छानिवृत्ती घेतलेल्यास ही रक्कम सुरू होते ती नियत वयोमानाच्या तारखेपासून. म्हणजे ५२ व्या वर्षी निघालेल्या माणसाला साठीपर्यंतची आठ वर्षे स्वतःच्या पुंजीवर काढावयाची आहेत. जुन्या नियमांखालील त्याच्या सहकाऱ्याला मात्र निवृत्तिवेतन दुसऱ्या दिवसापासून लागू. एकाच कचेरीत शेजारी बसणाऱ्या दोघांचे पर्यायमूल्य त्यामुळे इतके भिन्न असते की एकाने दुसऱ्याचा सल्ला न घेणेच बरे. खाजगी क्षेत्रात १९९५ च्या कर्मचारी निवृत्तिवेतन योजनेखाली दहा वर्षांच्या सेवेनंतर हक्क निर्माण होतो, पूर्ण निवृत्तिवेतन ५८ व्या वर्षी मिळते, आणि ते ५० नंतर आधी घेतल्यास प्रत्येक वर्षामागे ४ टक्के घट सोसावी लागते. येथे नोकरी सोडण्याची तारीख आणि निवृत्तिवेतन उचलण्याची तारीख या दोन स्वतंत्र गोष्टी आहेत. पन्नाशीत सोडून अठ्ठावन्नाव्या वर्षी उचलता येते. पुष्कळांना हा भेद ठाऊक नसतो आणि घाईघाईने केलेल्या एका अर्जामुळे निवृत्तिवेतन जन्मभरासाठी घटते.

पायरी किती उंच असू शकते, याचे सर्वांत बोलके उदाहरण म्हणजे सार्वजनिक क्षेत्रातील बँकांची २०००-०१ मधील स्वेच्छानिवृत्ती योजना. १५ वर्षे सेवा झालेल्या किंवा ४० वर्षे वयाच्या कर्मचाऱ्यांना ती खुली होती. सानुग्रह रक्कम होती सेवेच्या प्रत्येक पूर्ण वर्षामागे ६० दिवसांचा पगार, किंवा उरलेल्या सेवेच्या महिन्यांचा पगार, यांपैकी जी कमी असेल ती. २६ वर्षे सेवा झालेल्या, ५६ वर्षे वयाच्या कर्मचाऱ्याचा हिशेब करून पाहावा. सेवेच्या आधारे ५२ महिन्यांचा पगार होतो. साठीस ४८ महिने उरले आहेत. तेव्हा मिळाला ४८ महिन्यांचा पगार. वेतनवाढी सोडल्या, तर काम करून जे मिळावयाचे तेवढेच काम न करता एकरकमी हाती येत होते. सुमारे एक लाख कर्मचारी बाहेर पडले, यात मग नवल ते काय? त्यांच्यापैकी किती ताणाला कंटाळले होते आणि किती केवळ हिशेबी होते, हे त्या संख्येवरून सांगता येणार नाही. योजनेची रचनाच अशी होती की दोघांनाही एकच दार सोयीचे पडावे.

आता ताणाकडे वळू. स्टॉक आणि वाइज यांच्या सूत्रात कामाचा त्रास ही एक स्थिर राशी आहे. आज जेवढा नकोसेपणा, तेवढाच पाच वर्षांनी. त्रासाची किंमत त्या त्या वर्षीच चुकती होते, असे त्यात गृहीत आहे. ताणाची नोकरी तशी नसते. १९७२ साली मायकेल ग्रॉसमन याने आरोग्य हे झिजणारे भांडवल आहे, अशी मांडणी केली. ती येथे आणली, तर ताणाच्या नोकरीतील एक वर्ष या भांडवलाची झीज वाढविते, आणि तिची किंमत निवृत्तीनंतरच्या वर्षांतून वसूल होते, असे म्हणावे लागेल. पायरीपर्यंत पोहोचण्याचा लाभ मोजताना ही वसुली वजा केली नाही, तर पर्यायमूल्य फुगलेले दिसते.

परंतु ताण म्हणजे काय, हे आधी ठरवावयास हवे. कामाचा डोंगर म्हणजे ताण नव्हे. रॉबर्ट कॅरासेक याने १९७९ साली दाखविले की, मागण्या मोठ्या आणि निर्णयाचा अधिकार तोकडा, या दोहोंच्या संयोगातून खरा ताण निपजतो. योहानेस सीग्रिस्ट याने १९९६ साली दुसरी बाजू पुढे आणली : श्रम अधिक आणि त्या मानाने मोबदला, मान व स्थैर्य कमी. लंडनमधील शासकीय नोकरांचा व्हाइटहॉल नावाने ओळखला जाणारा दुसरा अभ्यास १९८५ साली सुरू झाला. त्यातील १०,३०८ स्त्रीपुरुषांच्या पाहणीतून कामावर ताबा नसणे आणि हृदयविकार यांचा संबंध पुढे स्पष्ट झाला. विषयाशी सर्वांत निकटचा पुरावा मात्र फ्रान्समधील आहे. तेथील राष्ट्रीय वीज व वायू कंपनीच्या कर्मचाऱ्यांचा ‘गाझेल’ हा दीर्घकालीन अभ्यास १९८९ पासून चालू आहे. २००९ साली ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्याच्या निष्कर्षांनुसार, आपली प्रकृती बरी नाही असे सांगणाऱ्यांचे प्रमाण निवृत्तीच्या आधीच्या वर्षी १९.२ टक्के होते, ते निवृत्तीनंतरच्या वर्षी १४.३ टक्क्यांवर आले. त्याहून महत्त्वाचे असे की, ज्यांच्या कामाची परिस्थिती वाईट होती त्यांची सुधारणा अधिक ठळक होती. आणि ज्यांचा हुद्दा वरचा, मागण्या माफक व समाधान पुरेसे होते, त्यांच्यात अशी सुधारणा आढळलीच नाही.

यावरून लवकर निवृत्ती प्रकृतीला हितकर असे सरसकट विधान करण्याचा मोह होतो. तो आवरलेला बरा. ऑस्ट्रियातील कामगारांच्या अभ्यासात लवकर बाहेर पडण्याची सवलत मिळालेल्या पुरुषांमध्ये अकाली मृत्यूचा धोका वाढलेला दिसला, स्त्रियांमध्ये दिसला नाही. उलट स्वीडनमधील लष्करी अधिकाऱ्यांना ५५ व्या वर्षी मिळालेल्या निवृत्तीमुळे त्यांचा मृत्युदर घटल्याचे २०१५ मध्ये आढळले. प्रस्तुत लेखकास हे निष्कर्ष परस्परविरोधी वाटत नाहीत. निवृत्तीचा परिणाम माणूस काय मागे सोडतो आणि कोठे जातो, या दोहोंवर अवलंबून असतो. तेव्हा ताणाचे मूळ या विशिष्ट जागेत आहे, या विशिष्ट वरिष्ठात आहे, की नोकरी या वस्तूतच आहे, याची परीक्षा निवृत्तीच्या अर्जाआधी व्हावयास हवी. बदली किंवा दीर्घ रजा हा त्या परीक्षेचा स्वस्त मार्ग. येथे एक गमतीदार अडचण येते : शासकीय सेवेत ३०० दिवसांपर्यंतची अर्जित रजा साठविता येते आणि निवृत्तीच्या वेळी तिचे पैसे मिळतात. त्यामुळे रजेची सर्वाधिक गरज असलेला माणूसच ती कंजूषपणे राखून ठेवतो. ज्या साधनाने निर्णय पारखावयाचा ते साधन तिजोरीत, आणि निर्णय मात्र थकलेल्या मेंदूच्या हाती, असा हा प्रकार आहे. दोन महिन्यांच्या रजेचे पैसे बुडाले तरी, तेवढ्यात कळणारी गोष्ट त्याहून किती तरी मोलाची असते.

परीक्षेअंती मूळ नोकरीतच आहे असे ठरले, की हिशेब असा उरतो : पुढची पायरी किती वर्षांवर आहे, तिची उंची किती, आणि तेथवर जाण्यात आरोग्याची झीज किती. पायरी एक-दोन वर्षांवर असेल आणि ताण बदलीने वा रजेने सौम्य करता येत असेल, तर थांबण्याचे मोल सहसा अधिक भरते. पुढे पायरीच नसेल, फक्त ३ टक्क्यांच्या वेतनवाढी असतील, तर वर उल्लेखिलेला अर्ध्या पगाराचा कर्मचारी एकेक वर्ष का पुढे ढकलीत आहे, हे त्याने स्वतःला विचारले पाहिजे. थांबण्याच्या बाजूने नेहमी सांगितले जाणारे कारण असे की, सोडलेली नोकरी परत मिळत नाही, थांबलेल्याला मात्र उद्याही सोडता येते. हे खरे; परंतु हृदयविकाराचा झटकाही परत घेता येत नाही. दोन्ही बाजूंना अपरिवर्तनीय असे काही असताना एकाच बाजूचे वजन पारड्यात टाकणे, हा आपल्या मध्यमवर्गीय विचारपद्धतीचा जुना दोष आहे.

कायद्याने येथे थोडी सवड ठेवली आहे. केंद्रीय नियमांनुसार सूचनेचा काळ तीन महिन्यांचा असतो. सक्षम अधिकाऱ्याच्या अनुमतीने सूचना मागे घेता येते, आणि ही अनुमती सबळ कारणाशिवाय नाकारू नये, असा दृष्टिकोन सर्वोच्च न्यायालयाने १९८७ च्या एका निर्णयात घेतला. बँकांच्या वर सांगितलेल्या योजनेत अर्ज करून नंतर तो मागे घेऊ पाहणाऱ्यांची संख्या एवढी होती की ते प्रकरणही सर्वोच्च न्यायालयात गेले, आणि स्वीकृतीपूर्वी अर्ज मागे घेता येतो, असे २००२ साली ठरले. सूचनेचा काळ म्हणजे केवळ कार्यभार सोपविण्याचा अवधी नव्हे. पर्यायमूल्याच्या भाषेत तो जवळजवळ विनामूल्य मिळालेला एक पर्याय आहे.

या सर्व विवेचनात ताणाच्या झिजेचा आकडा भारतीय नोकरदारांसाठी आपण परदेशी अभ्यासांवरून अनुमानाने घेत आहोत. मुंबईच्या आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्थेने २०१७-१८ मध्ये वार्धक्याच्या दीर्घकालीन अभ्यासाची पहिली फेरी पूर्ण केली. ४५ वर्षांवरील व्यक्ती व त्यांचे जोडीदार मिळून ७२,००० हून अधिक माणसांची काम, उत्पन्न आणि प्रकृती यांविषयीची माहिती तीत आहे. निवृत्तिवेतनाच्या नियमांतील पायऱ्या या माहितीशी जोडून पाहण्याचे काम पदव्युत्तर प्रबंधासाठी योग्य आहे. विशेषतः जुन्या नियमांखालील आणि २००४ नंतरच्या कर्मचाऱ्यांची तुलना, कारण त्यांच्यातील सीमा वयाने वा प्रकृतीने आखलेली नाही, सेवेत दाखल होण्याच्या तारखेने आखलेली आहे.