आभाळाचा हिशेब : भाग ४ – गार केवढी, यापेक्षा गार केव्हा

मागच्या आठवड्यात आपण खडक्याच्या बंधाऱ्यापाशी थांबलो होतो. परभणी जिल्ह्यातल्या सोनपेठ तालुक्यातल्या या बंधाऱ्यातून गोदावरीचं पाणी परळीच्या औष्णिक वीज केंद्राला जातं. २०१३ च्या फेब्रुवारीत पाणीच उरलं नाही, म्हणून परळीचे संच बंद ठेवावे लागले. त्याच वर्षीचा पावसाळा बरा गेला, रब्बी चांगली उतरली आणि नेमकी सुगी तोंडावर असताना मराठवाड्यावर बर्फ कोसळायला लागला.

२०१४ ची महाशिवरात्र २७ फेब्रुवारीला होती. त्या दिवशी थंडी ‘शिव शिव’ म्हणत निघून जाते असं आपली आजी-पणजी सांगत आली. त्या वर्षी थंडी गेली, पण उन्हाळा काही स्थिरावला नाही. फेब्रुवारीच्या अखेरीपासून जवळजवळ होळीपर्यंत राज्यात कुठे ना कुठे गारा पडत राहिल्या. तेव्हा महाराष्ट्रात ३५ जिल्हे होते. त्यांपैकी २८ जिल्ह्यांना झळ बसली आणि परभणी त्यातच होता.

गार आपल्याला नवी नाही. फाल्गुनात एखाद्या दुपारी आभाळ काळवंडतं, पत्र्यावर ताशा वाजतो, पोरं गारा वेचून खातात आणि तासाभरात सगळं संपतं. माणूस त्याला वळीव म्हणतो आणि विसरतो. त्या वर्षी मात्र विसरायला उसंतच मिळाली नाही. आज या तालुक्यात, परवा शेजारच्या, पुन्हा चार दिवसांनी इकडे, असं सुमारे तीन आठवडे चाललं.

याचं मूळ फार लांब, भूमध्य समुद्राकडे आहे. तिकडून हिवाळ्यात पश्चिमी झंझावात निघतात आणि एरवी काश्मीर-हिमाचलात बर्फ पाडून पुढे जातात. त्यांना वाहून नेणारा पश्चिमी वाऱ्यांचा वेगवान झोत उंच आभाळात असतो. त्या फाल्गुनात हा झोत वाकून बराच दक्षिणेला आला आणि रेंगाळला. त्यामुळे वर थंडगार, कोरडी हवा आली. खाली बंगालच्या उपसागरावरून आणि अरबी समुद्रावरून दमट वारे येत होते, आणि जमीन मार्चच्या उन्हानं तापलेली होती. खाली उष्ण-ओलं, वर थंड-कोरडं, अशी मांडणी फार वेळ टिकत नाही. खालची हवा उसळी मारून वर जाते आणि दहा-बारा किलोमीटर उंचीचा ढग उभा राहतो.

या ढगात शून्याखाली गेलेलं, तरीही न गोठलेलं पाणी असतं. बर्फाच्या एखाद्या कणाला ते चिकटलं की गोठतं. वर चढणारा वारा त्या कणाला पेलून धरतो आणि तेवढ्यात त्यावर थर चढत जातात. मोठी गार मधोमध फोडून पाहिली तर आत कांद्यासारखी वलयं दिसतात. झटकन गोठलेला थर पांढरा असतो, कारण हवेचे बुडबुडे आतच अडकतात. सावकाश गोठलेला थर काचेसारखा दिसतो. वाऱ्याला पेलवेनाशी झाली की गार सुटते. लिंबाएवढी गार ताशी ४० ते ६५ किलोमीटर वेगानं खाली येते आणि सोबत वारा असला तर तिरपी, गोफणीतून सुटल्यासारखी लागते. श्रावणात एवढा पाऊस पडूनही गारा का नसतात? तेव्हा गोठणरेषा, म्हणजे हवा शून्य अंशावर येते ती उंची, बरीच वर असते आणि आतला वाराही इतका जोरकस नसतो. जो काही बर्फ तयार होतो तो वाटेतच वितळतो.

हीच सामग्री, त्यात उंचीगणिक दिशा आणि वेग बदलणारा वारा मिसळला की अख्खा ढग फिरायला लागतो आणि कधी त्यातून सोंड जमिनीला टेकते. तो टोर्नाडो. अमेरिकेत २०११ च्या एकट्या एप्रिल महिन्यात साडेसातशेच्या वर टोर्नाडो झाले. आपल्याकडे ते क्वचित होतात, पण होतच नाहीत असं नाही. १७ मार्च १९७८ ला दिल्लीत झालेल्या टोर्नाडोत २८ माणसं गेली. २६ एप्रिल १९८९ ला बांगलादेशातल्या दौलतपूर-सातुरिया भागात एकाच टोर्नाडोनं सुमारे १३०० बळी घेतले. नांगरटीच्या रानात भर दुपारी भिरभिरते ती वावटळ वेगळी. ती तापलेल्या मातीतून वर उठते, टोर्नाडो ढगातून खाली उतरतो. आपली वर्तमानपत्रं पत्रे उडाले की सरसकट ‘चक्रीवादळ’ लिहून मोकळी होतात. चक्रीवादळ शेकडो किलोमीटर पसरतं आणि समुद्रावर जन्मतं, त्याचा इथे काही संबंध नाही.

छायाचित्रं नेहमी मोठ्या गारेची छापून येतात, तळहातावर ठेवलेली. मला तो आकार तितका महत्त्वाचा वाटत नाही. त्या दिवशी रानात काय उभं होतं, हे आधी विचारावं. मार्चच्या पहिल्या पंधरवड्यात हरभरा काढून ढीग लागलेले असतात, किंवा घाटे वाळून तडकायच्या बेतात असतात. गहू पिवळा पडलेला असतो आणि आंब्याला बाळकैऱ्या धरलेल्या असतात. ज्वारी कुठे उभी असते, कुठे कापून पेंढ्या पसरलेल्या. हीच गार डिसेंबरात पडली असती तर ज्वारीची पानं फाटली असती, पण पीक कदाचित सावरलं असतं. सुगीत सावरायला पिकाकडे दिवस उरलेले नसतात. उसाच्या पानांच्या चिंध्या झाल्या तरी खोड टिकतं, पुन्हा पालवतं. ज्वारीचं ताट मोडलं की मोडलंच.

शिवाय गारेचा मार एकदाच बसतो, ओल मागे राहते. काळ्या रानात पाणी साचतं, ट्रॅक्टर आत जात नाही आणि पेंढ्या खालून कुजतात. परभणीच्या कृषी विद्यापीठानं रब्बी ज्वारीचं एक वाण काढलं आहे, ‘परभणी मोती’. नावाप्रमाणेच दाणा टपोरा आणि चमकदार. कणीस पक्व झाल्यावर दोन-तीनदा भिजलं की त्यावर बुरशी धरते आणि दाणा काळा पडतो. अशी ज्वारी बाजारात खाण्याच्या भावानं जात नाही. कडबाही काळवंडतो, आणि वर्षभर बैलाला घालायचं तर तेच असतं.

मदतीलाही तारखेनंच गाठलं. लोकसभेची आचारसंहिता ५ मार्चला लागली होती. मदत जाहीर करायची तर निवडणूक आयोगाची संमती हवी होती. राज्य सरकारनं पुढे सुमारे चार हजार कोटींचं पॅकेज जाहीर केलं. पण त्याआधी पंचनामा आला, आणि पंचनाम्याला टक्केवारी लागते. केंद्राच्या तेव्हाच्या निकषानुसार निम्मं किंवा त्याहून अधिक पीक गेलं तरच नुकसान मोजलं जाई. २०१५ च्या एप्रिलमध्ये ही अट ३३ टक्क्यांवर आली. २०१४ च्या मार्चमध्ये मात्र तलाठी बांधावर उभा राहून आडव्या पडलेल्या गव्हाकडे बघत होता, शेतकरी तलाठ्याकडे बघत होता, आणि प्रश्न एवढाच होता की हे पंचेचाळीस म्हणायचं की पंचावन्न.