सुकतो कसा, ते आधी विचारा

अनंत चतुर्दशीच्या रात्री इंदुरात झांक्या, म्हणजे सजवलेले चित्ररथ, निघतात. हुकुमचंद, मालवा, राजकुमार, कल्याण, स्वदेशी या कापड गिरण्यांच्या कामगारांनी ही प्रथा मोठी केली. हुकुमचंद मिल १९९१ च्या डिसेंबरात बंद पडली आणि थकलेली देणी कामगारांच्या हाती यायला २०२३ चा डिसेंबर उजाडला. पगार नव्हता, तरी गिरणीची झांकी निघत राहिली. प्लायवूड, कापड, दिव्यांच्या माळा, मोटरीवर हलणारी पात्रं. आणि महिना भाद्रपद. माळव्यातला पाऊस तेव्हा ओसरत आलेला असतो, पण गेलेला नसतो. गाडा रात्रभर हादरत चालणार, मध्येच सर येणार, आणि तरी राजवाड्यासमोर पोचेपर्यंत देवाचा मुकुट जागेवर हवा. उघड्यावरच्या कलाकुसरीची याहून कडक परीक्षा मला माहीत नाही.

आपली कामं लहान असतात. गॅलरीतला आकाशकंदील, फाटकावरची नावाची पाटी, तुळशीवृंदावनावर टाइलच्या तुकड्यांची नक्षी, चिमण्यांसाठी लाकडी घरटं. परीक्षा मात्र तीच: मे महिन्यातलं चाळीस-बेचाळीस अंशांचं ऊन, मग चार महिने पाऊस, मग जानेवारीची थंडी. दुकानात जाऊन आपण विचारतो, ‘सगळ्यात पक्का डिंक कुठला?’ या प्रश्नाने फसगत होते. विचारायला हवं ते हे, की हा सुकतो कसा? कारण बहुतेक डिंक ज्या वाटेने घट्ट होतात, त्याच वाटेने सुटतात.

खळ बघा. कणीक किंवा मैदा पाण्यात शिजवायचा, कीड लागू नये म्हणून चिमूटभर मोरचूद घालायचं. पाणी उडून गेलं की कागद पक्का बसतो. पाणी परत आलं की खळ पुन्हा लापशी होते. बाभळीच्या डिंकाचं तेच. आणि घराघरातला पांढरा डिंक, ज्याला आपण सरसकट फेविकॉल म्हणतो, तोही याच गोत्रातला. त्यात पॉलिव्हिनाइल ॲसिटेटचे बारीक कण पाण्यात तरंगत असतात. पाणी लाकडात मुरलं, हवेत गेलं, की कण एकमेकांत मिसळून पापुद्रा होतो. घरातल्या कपाटाला याच्यासारखा डिंक नाही. पण साधा प्रकार पावसात ठेवला की पापुद्रा पांढुरका, मऊ पडतो आणि सांधा हाताने निघतो. पांढऱ्या डिंकातच पाण्याला दाद न देणारे प्रकार मिळतात. डब्यावर युरोपीय वर्गवारी छापलेली असली तर बघून घ्या: डी-३ छपराखालच्या गॅलरीला चालतो, उघड्यावर डी-४ हवा, आणि त्यावरही रंगाचा किंवा वार्निशचा हात हवाच.

ग्लू-गनची कांडी उष्णतेने वितळते आणि थंड होऊन चिकटते, म्हणजे तिची वाट उष्णतेची. दुपारी हात टेकवत नाही इतक्या तापलेल्या पत्र्यावर ती मऊ पडते आणि चिकटवलेलं फूल हळूहळू खाली घसरतं. दिवाळीच्या कंदिलाला ती ठीक आहे, उन्हाळ्यातल्या पाटीला नाही. चपला-फोमचा पिवळा रबरी डिंक द्रावक उडून सुकतो. तोच द्रावक थर्माकोलला विरघळवून त्यात खड्डे पाडतो. थर्माकोलवर पाण्याच्या आधाराचाच डिंक लावावा.

परतीची वाट नसते ती रासायनिक क्रियेने घट्ट होणाऱ्यांना. दोन नळ्यांतला इपॉक्सी मिसळला की दोन द्रव्यांचं तिसरंच काही बनतं आणि पाण्याने ते पुन्हा द्रव होत नाही. दगड, धातू, चिनीमाती यांना हाच लावावा. दोन्ही भाग बरोबर सांगितल्या प्रमाणात घ्या. घट्ट करणारं द्रव्य जास्त घातल्याने सांधा लवकर सुकत नाही, कच्चा राहतो. पाच मिनिटांत सुकणाऱ्यापेक्षा दिवसभर घेणारा इपॉक्सी साधारणपणे पाण्यात जास्त टिकतो. त्याचा शत्रू ऊन. अतिनील किरणांनी तो पिवळा पडतो, पृष्ठभाग खडूसारखा भुरभुरतो. म्हणून तो सांध्याच्या आत ठेवावा, उघडा राहिला तर वर रंग द्यावा.

उन्हाला खरा पुरून उरतो तो सिलिकॉन. तो रबरासारखा लवचीक राहतो आणि आपल्या हवेत याचं मोल फार मोठं आहे. ॲल्युमिनियमची एक मीटर पट्टी पन्नास अंशांच्या फरकाने मिलीमीटरभराहून जास्त वाढते. तेवढीच काच अर्धा मिलीमीटरही वाढत नाही. या दोघांना कडक डिंकाने बांधलं की दोन-चार उन्हाळ्यांत सांधा चिरतो, तर लवचीक डिंक ताण सोसतो. सुकताना व्हिनेगरचा वास येणारा सिलिकॉन मात्र आरशाच्या पाठीवर, लोखंडावर किंवा सिमेंटवर लावू नका. त्यातल्या आम्लाने आरशाचा मुलामा आणि धातू खराब होतो, सिमेंटवर पकडही नीट बसत नाही. ‘न्यूट्रल’ लिहिलेला मागा. शिवाय सिलिकॉनवर साधा रंग बसत नाही, तेव्हा पाटी आधी रंगवून घ्यावी.

थेंबाथेंबाने लावायच्या झटपट डिंकाची कहाणी १९४२ ची. अमेरिकेतले हॅरी कूव्हर बंदुकीच्या नेमासाठी पारदर्शक प्लास्टिक शोधत होते. हाती लागलेलं सायनोॲक्रिलेट जिथे तिथे चिकटायला लागलं म्हणून त्यांनी बाजूला टाकलं. १९५८ मध्ये ते बाजारात आलं. हवेतल्या ओलाव्याने ते घट्ट होतं, पण ठिसूळ असतं. दार आपटलं की तुकडा उडतो. तुकडे जागेवर धरायला वापरा, भार पेलायला नको. सुती कापडावर सांडलं तर भाजेल इतकं तापतं, म्हणून मुलांच्या हाती देऊ नका.

बादल्या-डब्यांचं पॉलिथिन आणि पॉलिप्रॉपिलिन यातल्या कुठल्याच डिंकाला नीट धरत नाही. तिथे भोक पाडून तारेने बांधावं.

खात्री करायची तर त्याच दोन वस्तूंचे तुकडे चिकटवा, सांगितलेला पूर्ण वेळ सुकू द्या, रात्रभर बादलीत बुडवा, दिवसभर गच्चीवर उन्हात ठेवा. असं तीन-चारदा करून मग ओढून बघा. चिकटवण्याआधी पृष्ठभाग पॉलिश पेपरने खरवडून, धूळ-तेल पुसून कोरडा करायला विसरू नका. कित्येक सांधे डिंकामुळे नव्हे, धुळीमुळे सुटतात. आणि जी वस्तू माणसांच्या डोक्यावर टांगायची, मग ती दारावरची पाटी असो की कमानीवरचा कळस, तिला डिंकाबरोबर स्क्रू किंवा तार हवीच.