शाळेची प्रयोगशाळा आणि ती सांभाळणारे हात

शाळेच्या स्मरणिकेत संस्थापकांचे, मुख्याध्यापकांचे आणि गुणवंत विद्यार्थ्यांचे उल्लेख येतात, आणि ते उचितच आहे. प्रयोगशाळा सहाय्यक व प्रयोगशाळा परिचर यांची नावे मात्र बहुधा कर्मचाऱ्यांच्या यादीत अगदी शेवटी असतात. वास्तविक वर्गातील प्रयोग साधणार की फसणार, हे पुष्कळदा आदल्या सायंकाळी त्यांनी केलेल्या तयारीवर ठरते. मी इतिहासाचा शिक्षक आहे. रसायनशास्त्र शिकविणे हा माझा प्रांत नाही. परंतु पुरावा तपासण्याची जी रीत इतिहासाच्या अभ्यासकाला शिकावी लागते, तीच रीत हे कर्मचारी रोजच्या कामात कशी वापरतात, हे माजी विद्यार्थ्यांना व पालकांना कळावे, यासाठी हा लेख आहे.

आपल्या जिल्ह्यातील प्रयोगशाळेची पहिली अडचण म्हणजे पाणी. अकोल्याचा डोंगराळ भाग वगळला तर अहिल्यानगर जिल्ह्याचा बराचसा प्रदेश पर्जन्यछायेत येतो. जमिनीखाली बेसाल्टचा काळा खडक आहे आणि शाळांची भिस्त मुख्यतः विंधनविहिरींवर आहे. या पाण्यात कॅल्शिअम व मॅग्नेशिअमचे क्षार असतात, अनेक ठिकाणी क्लोराइडही असते. त्यामुळे धुतलेल्या चंचुपात्रावर पांढरट थर बसतो आणि साबणाला फेस येत नाही.

याचा परिणाम कोठवर जातो ते पाहा. सोडिअम क्लोराइडच्या द्रावणात सिल्व्हर नायट्रेट टाकले की पांढरा अवक्षेप येतो, हा शालेय अभ्यासक्रमातील परिचित प्रयोग आहे. समजा, सर्वच परीक्षानळ्या पांढुरक्या झाल्या. ज्या नळीत केवळ साखरेचे द्रावण आहे, तीसुद्धा. अशा वेळी गोंधळलेला माणूस रसायन खराब आहे असे म्हणून महागडी बाटली बाजूला ठेवतो. जाणता सहाय्यक तसे करीत नाही. संशयित तीन आहेत : द्रावणासाठी घेतलेले पाणी, नळी आणि पदार्थ. तो एका वेळी एकच गोष्ट बदलतो. एका स्वच्छ नळीत पदार्थ न घालता नुसते तेच पाणी घेऊन त्यात सिल्व्हर नायट्रेटचे दोन थेंब टाकतो. पाणी गढुळले तर दोष पाण्याचा. ते स्वच्छ राहिले तर पुढचा संशय नळीवर, आणि नळीही निर्दोष ठरली तरच पदार्थावर. या पदार्थाविना केलेल्या तपासणीला कोरी चाचणी म्हणतात.

उपाय सोपा आहे. द्रावणे ऊर्ध्वपातित पाण्यातच करावीत. इन्व्हर्टरच्या बॅटरीसाठी दुकानात मिळणारे पाणी वापरायचे झाल्यास प्रत्येक नव्या कॅनची वरील चाचणी आधी करावी. गावातील शुद्धीकरण यंत्राचे पाणी पिण्यास योग्य असले तरी ते पूर्णपणे क्षारमुक्त नसते. काचेवरील थर लिंबूसत्वाच्या अथवा व्हिनेगरच्या पाण्याने निघतो. हायड्रोक्लोरिक आम्लानेही तो निघतो, पण ते नीट विसळले गेले नाही तर क्लोराइड मागे राहते आणि सिल्व्हर नायट्रेटचा प्रयोग पुन्हा बिघडतो. म्हणून काचसामान शेवटी एकदा ऊर्ध्वपातित पाण्याने विसळावे.

विजेच्या प्रयोगातही हीच रीत लागू पडते. ओहमच्या नियमाची जोडणी केली, पण ॲमीटरचा काटा हलत नाही. अशा वेळी सगळे सोडून पुन्हा जोडण्यात तास संपतो. त्याऐवजी प्रथम छोटा दिवा लावून विद्युतघट तपासावा. मग तारांची टोके पॉलिशपेपरने घासावीत, कारण पुष्कळदा दोष त्यांवरील गंजाचा असतो. त्यानंतर कळ वगळून तिच्या जागी साधी तार जोडून पाहावी. काटा हलला तर दोष कळीचा. रोध मात्र अशा रीतीने कधीही वगळू नये. ॲमीटर थेट विद्युतघटाला जोडला गेल्यास तो जळतो.

काही तक्रारींचे कारण रसायनाच्या स्वभावातच असते. फेरस सल्फेटचे फिकट हिरवे द्रावण हवेतील ऑक्सिजनमुळे काही दिवसांत पिवळसर तपकिरी होते. ते लागेल तेवढेच ताजे करावे, त्यात सौम्य सल्फ्युरिक आम्लाचे काही थेंब घालावेत आणि एक स्वच्छ लोखंडी खिळा टाकून ठेवावा. चुन्याची निवळी उघडी राहिली तर कार्बन डायऑक्साइडमुळे आपोआप दुधाळ होते. ती संपली म्हणून प्रयोग अडण्याचे कारण नाही. पानाचा चुना पाण्यात ढवळून रात्रभर ठेवावा आणि सकाळी वरचे नितळ पाणी अलगद काढून बंद बाटलीत भरावे. सोडिअम हायड्रॉक्साइडच्या बाटलीला काचेचे बूच लावू नये. अल्कलीमुळे ते बाटलीला चिकटते. तेथे रबरी बूच हवे.

पावसाळ्यात सूक्ष्मदर्शकाच्या भिंगावर बुरशी येते. पेटीत सिलिका जेलची पुरचुंडी ठेवावी आणि निळे दाणे गुलाबी झाले की ते तापवून पुन्हा वापरावेत. पट्टीचुंबक विरुद्ध ध्रुव शेजारी येतील अशा जोडीने, टोकांना लोखंडी पट्ट्या लावून ठेवावेत.

सुरक्षिततेच्या बाबतीत मात्र काटकसर नको. आम्ल पाण्यात थोडेथोडे ओतावे, पाणी आम्लात कधीही नाही. पेटत्या दिव्यात स्पिरिट भरू नये. आम्लाच्या बाटल्या सर्वांत खालच्या फळीवर, नायट्रिक आम्ल स्पिरिटपासून दूर, सोडिअम केरोसीनमध्ये, सिल्व्हर नायट्रेट तपकिरी बाटलीत. रसायने केवळ नावाच्या अक्षरानुक्रमे लावली, तर जी शेजारी असू नयेत तीच शेजारी येतात. पाऱ्याचा तापमापक फुटल्यास केरसुणी फिरवू नये, त्याने पारा अधिक पसरतो. खिडक्या उघडून, मुलांना बाहेर काढून, थेंब जाड कागदाने गोळा करून झाकणाच्या बरणीत ठेवावेत.

साधनांची टंचाई हे प्रयोग न करण्याचे कारण होऊ शकत नाही, याला इतिहासाची साक्ष आहे. दुसऱ्या महायुद्धात अनेक देशांतील शाळांच्या प्रयोगशाळा उद्ध्वस्त झाल्या. तेथील शिक्षकांसाठी जे. पी. स्टीफन्सन यांनी लिहिलेली पुस्तिका युनेस्कोने प्रसिद्ध केली. साध्या, हाताशी असलेल्या वस्तूंतून उपकरणे कशी करावीत हे तीत सांगितले होते. तिच्यातूनच पुढे १९५६ चा युनेस्कोचा विज्ञानशिक्षणाचा प्रसिद्ध संदर्भग्रंथ आकारास आला. आपल्याकडे पुण्याच्या आयुकामधील मुक्तांगण विज्ञान शोधिकेत अरविंद गुप्ता यांनी टाकाऊ वस्तूंतून विज्ञानाची खेळणी करून हीच वाट रुंद केली.

आपल्या समाजासाठी या विषयाला आणखी एक बाजू आहे. साताऱ्याच्या शाळेत असताना बाबासाहेबांना पाण्याच्या नळाला हात लावण्याची मुभा नव्हती; शिपायाने नळ सोडला तरच पाणी मिळे, हे त्यांनी स्वतः लिहून ठेवले आहे. प्रयोगशाळेत प्रत्येक मूल तेच चंचुपात्र उचलते, तोच नळ सोडते. पाथर्डी, शेवगाव, जामखेडकडील ऊसतोड मजुरांची मुले निवासी शाळांत राहतात, आणि त्यांच्यासाठी सूक्ष्मदर्शक हाताळण्याची ही बहुधा एकमेव जागा असते. कुलूप लावलेल्या प्रयोगशाळेत हा अधिकार पुन्हा कागदावरच राहतो.

म्हणूनच या पदांचे भवितव्य चिंतेचे आहे. डिसेंबर २०२० च्या शासन निर्णयाने खासगी अनुदानित शाळांतील चतुर्थश्रेणी पदांच्या जागी ठोक भत्त्याची व्यवस्था आणली. अनुभवी परिचर निवृत्त झाला की त्याच्याबरोबर कोणती बाटली कोठे ठेवावी, कोणत्या ॲमीटरचा काटा अडकतो, कोणत्या नळाचे पाणी वापरू नये, हे ज्ञानही निघून जाते. ते टिकविण्याचा मार्ग खर्चिक नाही. प्रत्येक प्रयोगशाळेत दोषांची एक वही असावी. तारीख, काय बिघडले, काय तपासले, कशाने दुरुस्त झाले, एवढे चार रकाने पुरेत. दहा वर्षांची अशी वही नव्या माणसाला कोणत्याही प्रशिक्षणाइतकी उपयोगी पडेल.

माजी विद्यार्थ्यांपैकी अनेक जण आज नागापूर, सुपे येथील औद्योगिक वसाहतींत, रुग्णालयांच्या तपासणी कक्षांत आणि महाविद्यालयांत काम करीत आहेत. शाळेला भेट देताना भिंतीवरील घड्याळाऐवजी ऊर्ध्वपातित पाण्याचे कॅन, तपकिरी बाटल्या, सिलिका जेल, संरक्षक चष्मे आणावेत. त्याहून चांगले म्हणजे वर्षातून एक दुपार द्यावी, बंद पडलेली उपकरणे परिचरासोबत बसून तपासावीत आणि जे सापडेल ते त्या वहीत लिहावे. ही दुपार शक्यतो प्रात्यक्षिक परीक्षेच्या आधीच्या महिन्यात असावी, म्हणजे तिचा लाभ त्याच वर्षीच्या मुलांना होईल.